आंबील, कांजी आणि थायरॉइड : परंपरेचा मान परीक्षेतच

(वर्धा येथे महाविद्यालयीन विद्यार्थी आणि पालक यांच्या मेळाव्यात एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



महालक्ष्म्या तोंडावर आल्या आहेत. थोड्याच दिवसांत आपल्या वऱ्हाड-विदर्भातल्या घराघरांतून ज्वारीचे पीठ ताकात भिजत पडेल. रात्रभरात ते आंबेल आणि सकाळी मंद आचेवर शिजून त्याची आंबील होईल. पुरणपोळी, सोळा भाज्या आणि कढी यांच्या शेजारी आंबिलीची वाटी नसेल, तर आपल्याकडे नैवेद्य पुरा होत नाही. माझी आई म्हणायची, "आंबील पोटाला थंडावा देते." तिने कोणतेही शास्त्र वाचले नव्हते, पण पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव तिच्या हाती होता.

आज मला बोलायचे आहे ते या आंबिलीविषयी, ताकाविषयी, कांजीविषयी आणि गळ्याशी असलेल्या एका लहानशा ग्रंथीविषयी. आपण विचाराल, या दोहोंचा संबंध काय? गेल्या काही वर्षांत हा संबंध फार जोरात सांगितला जात आहे. भ्रमणध्वनीवरून संदेश फिरतात : एकवीस दिवस कांजी प्या, थायरॉइड मुळापासून बरा. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. कला शाखेचा पदवीधर असून तीस वर्षे पत्रकारितेत घालवलेला माणूस आहे. मग या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला? माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने दिला. ती आधी सांगतो.

एक कबुली

काही वर्षांपूर्वी मी ज्या दैनिकात होतो, त्याच्या पुरवणीसाठी मी पारंपरिक पेयांवर एक लेख लिहिला. ताक, आंबील, पन्हे, कांजी यांची वर्णने होती. लेख लोकांना आवडला, पत्रे आली. त्या लेखात एक वाक्य होते की, कांजीच्या नियमित सेवनाने थायरॉइडचा विकार बरा झाल्याचे अनेकांचे अनुभव आहेत. हे 'अनेक' कोण? एका कार्यक्रमात भेटलेले एक गृहस्थ आणि त्यांनी सांगितलेल्या त्यांच्या दोन नातलग स्त्रिया. त्यांचे रक्ताचे अहवाल मी पाहिले नव्हते. त्या गोळी घेत होत्या की नव्हत्या, हेही विचारले नव्हते. वाक्य छान वाटले, लिहून टाकले.

माझी भाची तेव्हा एकोणीस वर्षांची होती. वसतिगृहात राहून शिकत होती. तिला थायरॉइडचा विकार असल्याचे निदान होऊन सहा महिने झाले होते. मामाचा लेख तिने कापून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि गोळी बंद केली. घरी कोणालाच सांगितले नाही. दिवाळीत ती आली तेव्हा चेहरा सुजलेला, आवाज जड झालेला, सकाळी उठवेना, अंगावर शाल. सत्र परीक्षेत दोन विषय राहिले होते. बहिणीला वाटले अभ्यासाचा ताण असेल. रक्त तपासले तेव्हा खरे कारण कळले. मी तिला विचारले, "अगं, गोळी का सोडलीस?" ती म्हणाली, "मामा, तुम्हीच लिहिलं होतं ना!"

मित्रहो, त्या एका वाक्याने मला या विषयाच्या अभ्यासाला बसवले. डॉक्टरांना भेटलो, वैद्यांना भेटलो, वाचले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

गळ्यातील फुलपाखरू

थायरॉइडला आपल्या पाठ्यपुस्तकांत अवटू ग्रंथी म्हणतात. कंठाच्या पुढच्या भागात, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी ती असते. ती जे संप्रेरक तयार करते, त्याने शरीराच्या सर्व कारभाराची गती ठरते. हृदयाचे ठोके, शरीराची उष्णता, अन्नाचे पचन, मुलींची मासिक पाळी, बुद्धीची तरतरी, या सर्वांवर तिचा अंमल चालतो. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी तिच्यावर देखरेख करते. अवटू मंदावली की पियुषिका टीएसएच नावाचे संप्रेरक अधिक सोडून तिला हाकारते. म्हणून रक्तात टीएसएच वाढलेले दिसले की अवटू थकली आहे, असे डॉक्टर समजतात.

ती का थकते? एक कारण आयोडीनची कमतरता. दुसरे, आणि आज शहरांत व निमशहरी भागांत अधिक आढळणारे कारण म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणाच या ग्रंथीला परकी समजून तिच्यावर हल्ला करते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली या विकाराचे प्रथम वर्णन केले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात देशातील आठ शहरांतील पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली होती. त्यात सुमारे ११ टक्के लोकांची अवटू मंद आढळली आणि स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या तिप्पट होते. ग्रंथीविरोधी प्रतिपिंडे सुमारे २२ टक्क्यांच्या रक्तात सापडली. त्या आठ शहरांत वर्धा नव्हते, नागपूरही नव्हते. मात्र आपल्याकडचे चित्र फार वेगळे असेल असे मानण्याचे कारण नाही.

विद्यार्थिदशेत हा विकार ओळखू येत नाही, ही खरी अडचण आहे. मुलगी झोपाळू झाली तर आपण तिला आळशी म्हणतो. केस गळले तर वर्ध्याच्या पाण्याला दोष देतो. अभ्यासात लक्ष लागत नाही तर भ्रमणध्वनीला दोष देतो. पाळी अनियमित झाली तर त्याविषयी घरात बोलतच नाही. या चारही गोष्टी एकत्र दिसल्या तर एकदा रक्त तपासून घ्यावे, एवढे भान प्रत्येक घरात असायला हवे.

सुश्रुतापासून कांगड्यापर्यंत

आपल्या परंपरेला या विकाराची ओळख नव्हती असे नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचे वर्णन आहे. गळ्याशी लोंबणारी ही सूज वातज, कफज आणि मेदोज अशी तीन प्रकारची सांगितली आहे. त्याहून विलक्षण गोष्ट सूत्रस्थानातील जलवर्णनात आहे. हिमालयात उगम पावणाऱ्या नद्यांचे पाणी ज्या रोगांना कारण होते, त्यांत सुश्रुताने गलगंडाचे नाव घेतले आहे. आयोडीन नावाचे मूलद्रव्य जगाला १८११ साली कळले. त्याच्या कितीतरी शतके आधी या भूमीतील एका वैद्याने रोग आणि प्रदेश यांचा संबंध हेरला होता. पावसाने आणि बर्फाने डोंगरउतारावरची माती धुऊन जाते, तिच्यातले आयोडीन वाहून जाते, हे कारण पुढे विज्ञानाने सांगितले.

आणि त्याची परीक्षाही भारतीयांनीच केली. आज हिमाचल प्रदेशात असलेल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक वस्तीच्या प्रदेशाचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्याला साधे. सहा वर्षांनी पाहिले तेव्हा पहिल्या दोन विभागांत गलगंड निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले होते. तिसऱ्यात फरक पडला नव्हता. मग तेथेही आयोडीनयुक्त मीठ सुरू झाले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला तो या पार्श्वभूमीवर.

सुश्रुताने निरीक्षण केले, रामलिंगस्वामींनी तुलना केली. निरीक्षणाला तुलनेची जोड मिळाली तेव्हा कोट्यवधी लेकरांचे कल्याण झाले. आज मला जे सांगायचे आहे त्याचे सार एवढेच आहे.

सैंधवाचा मोह

येथे पालक भगिनींशी थोडे बोलतो. अलीकडे सुशिक्षित घरांत पांढरे मीठ वाईट आणि सैंधव चांगले अशी समजूत रुजली आहे. उपवासाला सैंधव, म्हणजे आपले शेंदेलोण, वापरणे ही जुनी रीत आहे आणि तिच्याबद्दल तक्रार नाही. ताकात जिऱ्याबरोबर चिमूटभर सैंधव घातले की चवही येते. पण अनेक घरांनी रोजच्या स्वयंपाकातूनही आयोडीनयुक्त मीठ हद्दपार केले आहे. सैंधवात निसर्गतः आयोडीन नगण्य असते. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. सत्तर वर्षांचा हिशेब केला तरी ते चार ग्रॅम भरत नाही. गर्भवती स्त्रीला अधिक, २५० मायक्रोग्रॅम लागते, कारण पोटातल्या बाळाच्या मेंदूची घडण त्यावर अवलंबून असते. एवढीशी गोष्ट, पण ती न मिळाल्याने होणारी हानी भरून येत नाही.

म्हणून रोजच्या भाजी-आमटीत आयोडीनयुक्त मीठच असावे. ते झाकणाच्या बरणीत, ओलाव्यापासून आणि चुलीच्या धगीपासून दूर ठेवावे. अधिक आयोडीन म्हणजे अधिक आरोग्य, असेही नाही. समुद्रशैवालाच्या गोळ्या मनाने घेतल्या तर ग्रंथी बिघडू शकते.

आंबवण काय करते, काय करत नाही

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ताक, आंबील, कांजी यांचा अवटू ग्रंथीला काही उपयोग आहे का?

उपयोगाची एक वाट अशी आहे. अवटू ग्रंथीला संप्रेरक बनवण्यासाठी आयोडीनइतकेच एक विकर लागते आणि ते विकर लोहावर अवलंबून असते. अंगात लोह कमी असेल तर आयोडीन असूनही ग्रंथीचे काम अडखळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली रक्तक्षयी आहेत. म्हणजे या सभागृहातील दर दोन मुलींमागे एकीहून अधिक! आपल्या ज्वारीत लोह आहे, पण त्याला धरून ठेवणारी फायटेटेही आहेत. पीठ आंबवले की ही फायटेटे काही अंशी मोडतात आणि लोह शरीराला अधिक मिळू शकते. आईच्या आंबिलीत हे शहाणपण दडलेले होते. शिवाय ताक-आंबिलीतील दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू पचनाला साहाय्य करतात आणि मंद अवटूच्या रुग्णांना बद्धकोष्ठतेचा त्रास असतोच. साखर घातलेल्या बाटलीबंद पेयाऐवजी ताक प्यायल्याने वजनही आटोक्यात राहायला मदत होते. हे सगळे खरे मोल आहे.

पण या वाटेवर एक काटाही आहे. बाजरीत अवटूच्या कामात अडथळा आणणारी द्रव्ये असतात. सुदानमध्ये बाजरी हे मुख्य अन्न असलेल्या भागात गलगंड फार आढळतो. तेथील संशोधकांनी पारंपरिक पद्धतीने आंबवलेली बाजरी उंदरांना देऊन पाहिली, तेव्हा हा दोष कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. उत्तरेकडच्या कांजीत मोहरीची पूड असते. मोहरी, कोबी, मुळा यांच्या कुळातही अशीच द्रव्ये आहेत. घाबरून जाण्याचे कारण नाही. आयोडीन पुरेसे असेल आणि आहार समतोल असेल तर घरगुती प्रमाणात याने काही बिघडत नाही. पण 'आंबवलेले ते सारेच औषध' असे म्हणता येणार नाही, एवढे यातून नक्की कळते.

आपल्या शास्त्रकारांनीही तसे म्हटलेले नाही. ताकाची थोरवी चरकाने गायिली आहे, ग्रहणी आणि अर्श यांत ते मोलाचे मानले आहे. आणि त्याच ताकाविषयी सुश्रुत सांगतो की जखमी माणसाला, उष्णकाळात, दुर्बलाला, मूर्च्छा-भ्रम-दाह असताना आणि रक्तपित्तात ते देऊ नये. कोणाला द्यावे, केव्हा द्यावे आणि कोणाला देऊ नये, हा विवेक म्हणजे आयुर्वेद. 'सर्वांनी एकवीस दिवस प्या' हा संदेश आयुर्वेदाच्या नावाने फिरतो, पण त्यात आयुर्वेद औषधालाही नाही.

वर्धा जिल्ह्यात अनेक वर्षांपासून दारूबंदी आहे, म्हणून आणखी एक खुलासा करतो. आंबवण म्हणजे मद्य नव्हे. ताक-आंबिलीत आंबटपणा येतो तो दुग्धाम्लाचा. साखर वा गूळ घालून दिवसेंदिवस ठेवलेल्या पेयात मात्र मद्यार्क तयार होऊ शकतो आणि अस्वच्छ भांड्यात घातक जंतूही वाढतात. वसतिगृहाच्या खोलीत बाटल्या भरून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

'मला गुण आला' म्हणजे काय?

तरीही लोक म्हणतात, "पण आम्हाला गुण आला हो!" ते खोटे बोलत नाहीत. मग हे कसे घडते?

टीएसएच दिवसभर एकसारखे नसते. रात्री आणि पहाटे ते अधिक, दुपारी कमी असते. आजारपणानंतर काही काळ ते वाढलेले दिसू शकते. ज्यांचे टीएसएच थोडेसेच वाढलेले असते आणि मुख्य संप्रेरक योग्य असते, अशा अनेक तरुणांचे आकडे काही महिन्यांनी कोणताही उपचार न करता पूर्ववत होतात. म्हणूनच चांगला डॉक्टर अशा वेळी लगेच गोळी न देता तपासणी पुन्हा करून घेतो. आता समजा, या मधल्या काळात एखाद्याने कांजी घेतली. श्रेय कोणाला मिळेल? कांजीला! आणि ज्यांनी कांजी घेऊनही आकडा वाढला, ते लेख लिहून घ्यायला पत्रकाराकडे जात नाहीत.

याचे उत्तर कांगड्याने दाखवले आहे. तुलना करा. वर्धा जिल्ह्यासारखी जागा त्यासाठी शोधून सापडणार नाही. सेवाग्रामला १९६९ साली सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. सावंगी मेघेला वैद्यकीय महाविद्यालय आहे. सालोड हिरापूरला आयुर्वेद महाविद्यालय आहे. ॲलोपॅथी आणि आयुर्वेद एकमेकांपासून सायकलच्या अंतरावर आणि दोहोंच्या मधोमध हजारो तरुण विद्यार्थी! असा अभ्यास झाला तर तो कसा असावा, हे सामान्य माणसालाही समजू शकते. टीएसएच किंचित वाढलेले विद्यार्थी निवडावेत. चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एकाला ठरलेल्या कृतीचे ताक वा आंबील द्यावी, दुसऱ्याचा नेहमीचा आहार चालू ठेवावा. दोघांच्याही घरचे मीठ तपासावे, लघवीतील आयोडीन आणि रक्तातील लोह मोजावे. तपासणी ठरावीक वेळीच व्हावी आणि रक्त तपासणाऱ्याला कोण कोणत्या गटातला हे ठाऊक नसावे. ज्याला गोळीची गरज आहे त्याची गोळी कोणीही थांबवू नये. २००७ पासून देशात वैद्यकीय चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही आहे. अभ्यासाची नोंद तिथे आधीच व्हावी, म्हणजे निकाल मनाविरुद्ध लागला तरी झाकता येणार नाही.

वर्ध्याच्या मातीचा धडा

निकाल मनाविरुद्ध लागला तर? या प्रश्नाचे उत्तर वर्ध्याच्या माणसाला परके नसावे. १९३४ साली येथेच, मगनवाडीत, अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. हातसडीचा तांदूळ, गूळ, घाणीचे तेल यांचा पुरस्कार करणाऱ्या या संघाने जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय, सी. व्ही. रामन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना सल्लागार म्हणून सोबत घेतले. गावच्या अन्नाला शास्त्राच्या परीक्षेची भीती वाटली नाही. आणि ज्यांच्या प्रेरणेने हे घडले त्या गांधीजींनी १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर केला होता. प्रकृती ढासळली तेव्हा त्यांनी तो सोडला आणि अपयश 'यंग इंडिया'त जाहीरपणे लिहिले. लक्षावधी लोक ज्यांच्या शब्दावर विश्वास ठेवत होते, त्यांना 'माझे चुकले' म्हणायला संकोच वाटला नाही.

माझ्या चुकीचे काय? मी संपादकांना भेटून खुलासा छापायला दिला. आतल्या पानावर, चार ओळींचा. मूळ लेख वाचणाऱ्या किती जणांनी तो पाहिला असेल, देव जाणे. म्हणून जिथे बोलावणे येते तिथे हे सांगत असतो.

चार गोष्टी घरी न्या

पहिली, निदान होऊन गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सोडू नका. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या अवटूचा अर्क देऊन या विकाराने त्रस्त असलेल्या एका स्त्रीला बरे केले. तोवर या विकाराच्या टोकाच्या अवस्थेवर इलाज नव्हता. आजची छोटी गोळी म्हणजे शरीराला कमी पडणारे तेच संप्रेरक आहे. दुसरी, गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नका. ताक, दूध, चहा नंतर. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवा. कित्येकांची गोळी लागू पडत नाही, ती केवळ या चुकीमुळे. तिसरी, रोजचे मीठ आयोडीनयुक्त असू द्या. चौथी, आंबील करा, ताक घुसळा, पोरांना त्याची गोडी लावा. पण अन्न म्हणून, आहार म्हणून.

माझ्या भाचीने मला विचारले होते, "मामा, रोज गोळी घ्यायची म्हणजे मी कायमची आजारीच ना?" मी माझा चष्मा काढून तिच्या हातात दिला. म्हटले, "हा मी चाळीस वर्षे लावतो आहे. मी आजारी आहे का?" ती हसली. राहिलेले दोन्ही विषय पुढच्या सत्रात तिने सोडवले. आज ती नोकरी करते, सकाळी गोळी घेते आणि दुपारी जेवताना ताकही पिते. येत्या महालक्ष्म्यांना घरची आंबील तीच करणार आहे.

आपल्या परंपरेत सोने आहे, यावर माझी श्रद्धा आहे. पण सोन्याला कसोटीचे भय नसते. भय असते ते मुलामा दिलेल्या पितळेला. विद्यार्थिमित्रांनो, कसोटीचा दगड आता तुमच्या हाती आहे.